वीस रुपयांचं गोडं तेल

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

परवा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात उभा होतो. माझ्या आधी एक बाई होती. ऊसतोडीहून नाहीतर बांधकामावरून आलेली असावी, कडेवर पोर. म्हणाली, "दादा, वीसचं गोडं तेल द्या." दुकानदाराने उघड्या डब्यात पळी बुडवली, पातळ पिशवीत तेल ओतलं, गाठ मारली आणि दिलं. असेल शंभर-सव्वाशे ग्रॅम.

मी सहज विचारलं, "कसलं तेल आहे हे?"

"गोडं तेल आहे सर."

"हो, पण कसलं? शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, पामचं?"

तो हसला. "सर, तुम्हाला पिशवीतलं देतो ना."

आणि त्याने मला पिशवीतलं दिलं. त्यावर सगळं छापलेलं होतं. तेल कोणतं, किती ग्रॅम, कधी भरलं, किती महिन्यांत वापरायचं, परवाना क्रमांक, तक्रार कुठे करायची. त्या बाईच्या पिशवीवर काहीच नव्हतं. दुकान एक, वेळ एक, माल एकाच नावाचा. मला माहिती मिळाली, तिला गाठ मिळाली.

घरी आल्यावर ही गोष्ट डोक्यातून जाईना. आपल्या स्वयंपाकघरात कोणतं तेल असावं, हे आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं. खरंच आपण ठरवतो का? म्हणून थोडा मागचा इतिहास लिहितोय. आपल्या बार्शी-लातूर-सोलापूर पट्ट्यातल्या लोकांना यातलं बरंचसं घरचंच वाटेल.

नाकाचा काळ

'तेल' हा शब्दच तिळापासून आला. संस्कृतात तिळाचं ते तैल. पुढे सगळ्याच बियांच्या रसाला आपण तेल म्हणू लागलो. नाशिकच्या पांडवलेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली, असं त्यात लिहिलंय. त्या श्रेणींमध्ये तेल गाळणारे, 'तिलपिषक', आहेत. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी तेल्यांची संघटना इतकी पक्की होती की लोक तिच्याकडे पैसे ठेवत होते. आजच्या भाषेत पतसंस्थाच.

संत तुकारामांच्या अभंगांचं लेखन करणारे संताजी जगनाडे महाराज तेली समाजातले, हे आपल्याला माहीत आहे. पण रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणारा आणखी एक समाज होता, तो ज्यू. बेने इस्रायल. ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. महाराष्ट्रातल्या घाण्याचा इतिहास एका जातीचा किंवा एका धर्माचा नाही, तो असा आहे.

तेलही एक नव्हतं. कोकणात खोबरेल, विदर्भात जवस, घाटमाथ्याच्या आदिवासी पट्ट्यात कारळे म्हणजे खुरासणी, खानदेशात शेंगदाणा आणि तीळ, आणि आपल्याकडे करडई. ज्याच्या रानात जे येई, तेच त्याच्या कढईत पडे. करडई तर रब्बीच्या ज्वारीसोबतच यायची. शेताच्या कडेने करडईच्या ओळी टाकायच्या. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. म्हणजे कुंपणही तेच आणि फोडणीही तीच.

'गोडं तेल' या शब्दाचंही सांगतो. यात साखरेचा काही संबंध नाही. जे खायला चालतं ते गोडं. दिव्याचं, औषधाचं, गाडीच्या आसाला लावायचं ते वेगळं. या एका शब्दात एक हमी होती: हे पोटात गेलं तरी चालेल. त्या बाईने दुकानात जो शब्द वापरला, तो या हमीचा शब्द होता. मागची हमी देणारा माणूस मात्र आता तिथे नाही.

तो माणूस माझ्या लहानपणी होता. आमच्या गावात एक घाणा होता. लाकडाचं उखळ, त्यात फिरणारी लाट आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल. आजी आमच्याच रानातली करडई निवडून, उन्हात वाळवून पोत्यात घालून द्यायची. आम्ही पोरं पोत्यावर राखण बसायचो. राखण कसली, बैलामागे गोल फिरायचो. तेल आपल्यासमोर निघायचं, पेंड आपल्याच गुरांना यायची. बी आपलं, तेली ओळखीचा, शिवाय नाक आपलं. भेसळ करायला जागाच नव्हती असं मी म्हणणार नाही. माणसं तेव्हाही माणसंच होती. पण भेसळ करणाऱ्याला रोज त्याच गावात तोंड दाखवायचं होतं.

आजीचे तेलाचे नियम होते. लिहिलेले नव्हते, पण मोडले तर बोलणी बसायची. मोठा साठा माजघरात, अंधाऱ्या कोपऱ्यात, चिनी मातीच्या बरणीत. चुलीजवळ फक्त छोटी बुधली, चार-पाच दिवसांपुरती. बुधली संपल्याशिवाय पुन्हा भरायची नाही. जुन्या तेलावर नवं ओतायचं नाही. बुधली राखेने घासून, उन्हात पूर्ण वाळवून मगच भरायची. ओली पळी तेलात बुडवायची नाही. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात तेल ठेवायचं नाही. जवसाचं तेल थोडंच गाळून आणायचं. आणि दर वेळी फोडणीआधी बुधली नाकाशी न्यायची.

डब्याचा काळ

मग आला डबा.

मुंबईच्या शिवडीत तेलापासून 'तूप' बनवायचा कारखाना 1930 च्या दशकात उभा राहिला आणि 1937 मध्ये 'डालडा' बाजारात आला. पातळ तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की ते गोठतं, पांढरं होतं, बराच काळ खवट होत नाही. साजूक तूप परवडत नव्हतं त्या घरांत सणाचे लाडू-शंकरपाळी यावर होऊ लागली. नाव असं रुजलं की कोणत्याही कंपनीचं वनस्पती तूप म्हणजे 'डालडा'. पिवळा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची, ज्वारी ठेवायची. आमच्या घरी अजून एक आहे.

पण हे तूप साजूक तुपात बेमालूम मिसळता येई. तक्रारी वाढल्या, बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. बंदी आली नाही. त्याऐवजी एक नामी युक्ती निघाली. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं गेलं. तिळाच्या तेलाची एक साधी रासायनिक चाचणी आहे, त्यात लालसर रंग येतो. तूप तपासलं आणि रंग आला, की वनस्पतीची भेसळ पकडली. ज्या तिळाने आपल्याला 'तेल' हा शब्द दिला, तोच शेवटी साक्षीदार म्हणून उभा केला गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आता भेसळ नाकाने कळत नव्हती. तिला प्रयोगशाळा लागत होती. गिऱ्हाईक आणि तेल यांच्यामध्ये पहिल्यांदाच तिसरा माणूस आला.

याच काळात वर्ध्यात उलट दिशेने काम चाललं होतं. 1934 च्या अखेरीस गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचं केंद्र. तिथे झवेरभाई पटेल यांनी घाण्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. बैलाचे कष्ट कमी, तेल जास्त, दुरुस्ती गावातल्या सुताराला जमेल अशी. ती 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेली. पण गणित विरोधात होतं. बैलघाण्याच्या पेंडीत दहा-बारा टक्के तेल उरायचं. पुढे आलेल्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये, जिथे हेक्झेन वापरून तेल काढतात, तिथे पेंडीत टक्काभरही उरत नाही. आमच्या गावातला घाणा वाईट तेल देत होता म्हणून बंद पडला नाही. या दहा टक्क्यांनी तो बंद पाडला.

लाटणं आणि रेशनचं पामतेल

1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना मिलो आणि सुकडी आठवत असेल. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरोधात बायकांची संयुक्त समिती उभी केली. हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. साखर, तेल, रॉकेल मिळत नव्हतं आणि मिळालं तर परवडत नव्हतं. तेल हा राजकारणाचा विषय आहे हे त्या बायकांनी जितकं स्वच्छ सांगितलं, तितकं नंतर कुणी सांगितल्याचं मला दिसलं नाही.

तुटवड्यावर सरकारचं उत्तर होतं आयात. मलेशियाचं पामतेल रेशनच्या दुकानात आलं. थंडीत ते गोठायचं. लोक नाकं मुरडायचे, "हे साबणाचं तेल" म्हणायचे, पण रांगेत उभे राहायचे. मीही उभा राहिलोय, हातात अॅल्युमिनियमची किटली घेऊन. गोठणं हा त्याचा दोष नव्हता. पामतेलात जवळपास निम्मी संपृक्त चरबी असते, म्हणून ते थंडीत थिजतं आणि म्हणूनच लवकर खवटही होत नाही.

पिवळी क्रांती आणि ती कुठे गेली

1986 मध्ये राजीव गांधी सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. बियाणं, संशोधन, प्रक्रिया आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव, हे सगळं एकाच छत्राखाली आणलं. 1988 मध्ये राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने 'धारा' बाजारात आणलं. डॉ. वर्गीस कुरियन यांची लढाई गुजरातच्या 'तेलिया राजां'शी होती. शेंगदाणा तेलाचे भाव वरखाली करणाऱ्या बड्या व्यापाऱ्यांना तिकडे हेच नाव होतं. आपल्या पिढीला मात्र आठवते ती धाराची जिलबीची जाहिरात.

आणि हे अभियान चाललं बरं का! 1985-86 मध्ये देशात तेलबियांचं उत्पादन सुमारे 1 कोटी 8 लाख टन होतं. 1998-99 पर्यंत ते सुमारे 2 कोटी 47 लाख टनांवर गेलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला देश तेलात जवळपास स्वावलंबी झाला होता. नेमकं त्याच सुमाराला दार उघडलं गेलं. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, तेव्हा शुल्क होतं 65 टक्के. 1995 मध्ये ते 30 वर आलं, 1998 मध्ये 15 वर. शहरातल्या गिऱ्हाइकाला तेल स्वस्त मिळालं, हे खरं आहे आणि ते नाकारू नये. पण त्याची किंमत कुणी दिली? करडईने दिली. म्हणजे आपल्या पट्ट्याने दिली.

संशोधन नव्हतं म्हणून करडई गेली असं नाही. सोलापूरच्या केंद्राने 'भीमा' वाण दिला, परभणीच्या विद्यापीठाने वाण दिले, फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडई दिली, कारण काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात. शास्त्रज्ञांनी काटे काढले. भावातला काटा कुणी काढला नाही. शेतकरी सोयाबीनकडे वळला, त्याला दोष देता येणार नाही. शंभर दिवसांत पैसा हातात.

पण सोयाबीन ही खरी तेलबी आहे का, हा प्रश्न आहे. शेंगदाण्यात, तिळात निम्म्याच्या आसपास तेल. करडईत तीस टक्क्यांच्या आगेमागे. सोयाबीनमध्ये अठरा-वीस टक्के. बाकी सगळी पेंड, ती कोंबड्यांना आणि निर्यातीला. म्हणून सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना जास्त, पेंडीच्या बाजारावर हलतो. 2024-25 ला हमीभाव 4,892 रुपये होता आणि लातूरच्या बाजारात बराच काळ भाव त्याच्या खाली होता. त्याच काळात देश वर्षाला दीड कोटी टनांहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणत होता. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल समुद्रावरून येतं.

म्हणूनच फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि आपल्याकडे सूर्यफूल तेल कडाडलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली आणि वडापाववाल्याने वडा लहान केला. सप्टेंबर 2024 मध्ये शेतकऱ्यासाठी म्हणून कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्के केलं, मे 2025 अखेरीस गिऱ्हाइकासाठी म्हणून ते 10 वर आणलं. दोघांपैकी एकाला सांभाळायचं तर दुसऱ्याला मारायचं, अशी ही व्यवस्था झाली आहे. आणि आपल्या गावात हे दोघं बहुतेक वेळा एकच माणूस असतात. सकाळी सोयाबीन विकणारा तोच, संध्याकाळी तेलाची पिशवी घेणाराही तोच.

आईचं वाक्य

आता माझं सांगतो. कबुलीच म्हणा.

1996 मध्ये मला नोकरी लागली. पहिल्या पगारात घरी रिफाइंड तेलाचा 15 किलोचा डबा नेला. पाण्यासारखं स्वच्छ तेल. करडईच्या तेलाचा वास मला गावंढळ वाटायला लागला होता, मित्र घरी आले की लाज वाटायची. आईने झाकण काढलं, सवयीने नाकाशी नेलं आणि म्हणाली, "ह्याला वासच नाही रे. खराब झालेलं कळायचं कसं?"

मी हसलो होतो. "आई, वर तारीख लिहिलेली असते."

दोनच वर्षांनी, ऑगस्ट 1998 मध्ये, दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. पाय सुजले, श्वास लागला, हृदय निकामी झालं. साठहून जास्त माणसं गेली, हजारो आजारी पडली. मोहरीच्या उग्र वासात धोत्रा लपला होता, म्हणजे तिथे नाकही हरलं. त्यानंतर सरकारने खाद्यतेल पॅकबंदच विकायचा आदेश काढला. आजच्या अन्नसुरक्षा नियमांतही तेच आहे, खास कारणाने राज्याला सूट देण्याची सोय ठेवून. कायदा चांगला आहे. वीस रुपयांच्या पिशवीपर्यंत तो पोचलेला नाही, एवढंच.

आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला खूप उशिरा समजलं. रिफाइंड तेल म्हणजे विष नव्हे, व्हॉट्सॲपवर काहीही येवो. कच्च्या तेलातला चिकट भाग काढतात, आम्ल कॉस्टिकने मारतात, मातीने रंग काढतात आणि निर्वात टाकीत दोनशे अंशांच्या वर वाफ सोडून वास काढतात. यात चवीबरोबर काही चांगले घटक जातात, तसेच वाईटही जातात. आणि घाण्याचं तेल म्हणजे अमृत असंही नाही. शेंगदाण्याला बुरशी लागलेली असेल तर तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, घाण्याच्या तेलात उतरू शकतं. रिफाइंड करताना ते निघून जातं. आजी दाणे एकेक करून निवडायची ते उगाच नव्हे. आज 'लाकडी घाणा' अशी पाटी लावून दुप्पट भाव घेणाऱ्याला पहिला प्रश्न तेलाचा नको, दाण्याचा विचारा: "दाणे दाखवा."

मग घरात काय करायचं?

मी डॉक्टर नाही. औषधं चालू असतील त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. पण इतिहास वाचून आणि घरात चुका करून जे हाती लागलं ते लिहितो.

एक. एकाच तेलाला चिकटू नका. प्रत्येक तेलाचा स्वभाव वेगळा. करडई आणि साधं सूर्यफूल हृदयाच्या नावाने विकलं गेलं, पण ते फार तापवलं आणि पुन्हा पुन्हा तापवलं तर लवकर बिघडतं. शेंगदाणा तळणीला त्याहून टिकाऊ. तिळाच्या तेलात त्याचेच रक्षक घटक असतात, म्हणून ते चांगलं टिकतं. जवस कच्चंच, चटणीवर. फोडणीत नको.

दोन. डबा घ्यायची सवय बदला. 15 किलोचा डबा दहा-बारा माणसांच्या घराचा होता. आता घरात तिघं-चौघं आणि डबा तोच! झाकण उघडल्यापासून हवा आत जाते आणि शेवटचे चार किलो आपण खवट खातो. महिन्याभरात संपेल एवढंच आणा.

तीन. तेलाचे शत्रू चार: उजेड, ऊब, हवा आणि ओलावा. पाचवा म्हणजे तांबं-लोखंड, धातूच्या स्पर्शाने खवटपणा वाढतो. काचेची पारदर्शक बाटली गॅसशेजारी, खिडकीत ठेवणं हे फोटोला छान, तेलाला वाईट. स्टील किंवा गडद काच, बंद कपाट, ओट्यावर फक्त छोटी बुधली. आजीचं माजघर आठवा. जवस फ्रिजमध्ये.

चार. जुन्यावर नवं ओतू नका. तळाशी राहिलेलं खवट तेल नव्यालाही लवकर बिघडवतं, विरजणासारखं.

पाच. तळणीचं तेल गाळून ठेवा, एक-दोन दिवसांत भाजीला वापरून टाका, पुन्हा तळणीला नको. फेस येऊ लागला, काळं-दाट झालं, धूर लवकर येऊ लागला, की ते संपलं. हॉटेलांसाठी 2018 पासून कायद्याने मर्यादा आहे. तेलातले बिघडलेले घटक 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते वापरायचं नाही. आपल्याकडे चाचणीपट्टी नाही, पण डोळे आणि नाक आहे.

सहा. पिशवीवर लिटर नाही, ग्रॅम बघा. 1 लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. पिशवी तेवढीच दिसते आणि आत 800 किंवा 750 ग्रॅमच असतं. भाव तोलून बघा. आणि 'अमुक तेल' असं मोठ्या अक्षरांत असलं तरी मागे बारीक अक्षरांत 'मिश्र खाद्यतेल' आहे का, ते वाचा.

सात. वनस्पती आणि बेकरीचा माल कमीच. ट्रान्स फॅटची मर्यादा 2022 पासून 2 टक्क्यांवर आणली आहे, ही मोठी गोष्ट झाली. पण सुट्या मालाला कोण मोजतंय?

पुन्हा त्या बाईकडे

2025 मध्ये पंतप्रधानांनी लोकांना आवाहन केलं: तेल 10 टक्क्यांनी कमी खा. सल्ला बरोबर आहे. देशात माणशी वर्षाला 19 किलोच्या आसपास तेल वापरलं जातं, आहारतज्ज्ञ सांगतात त्यापेक्षा ते बरंच जास्त आहे. पण ही सरासरी आहे. माझ्या घरातलं जास्तीचं आणि तिच्या घरातलं कमीचं मिळून ती सरासरी होते. वीस रुपयांच्या तेलातून 10 टक्के काय कमी करायचे? तिला कमी तेल नकोय. तिला माहीत असलेलं तेल हवंय.

वर लिहिलेल्या सात गोष्टी वाचल्यात? त्यातल्या निम्म्या तिच्या उपयोगाच्या नाहीत. तिच्या हातात निवड नाही, साठवण्याइतकं तेलही नाही. आजीकडे ओळखीचा तेली होता. माझ्याकडे छापील पिशवी आहे. तिच्याकडे दोन्ही नाही. शे-दीडशे वर्षांत आपण नाकावरून लेबलावर आलो, आणि या वाटेवर मधेच काही माणसं सुटून गेली. त्यांच्यासाठी जुनीही हमी नाही आणि नवीही नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, कुठल्याही पक्षाच्या नाहीत. पहिली: अन्न व औषध प्रशासनाने दिवाळीआधी फक्त मिठाईचे नमुने घेऊ नयेत, आठवडी बाजारातल्या सुट्या तेलाचेही घ्यावेत आणि निकाल तालुक्यात जाहीर करावेत. दुकानदाराला छळण्यासाठी नव्हे. तोही बऱ्याचदा घाऊकवाल्याने दिलं तेच विकतो. दुसरी: शंभर-दोनशे ग्रॅमची छापील पिशवी रेशन दुकानात, मोठ्या पिशवीच्याच दराने मिळावी. गरिबाने कमी घेतलं म्हणून जास्त दर का द्यावा? तिसरी: आपल्या तालुक्यात बचत गटांनी विजेवरचे छोटे घाणे सुरू केलेत. त्यांना अनुदानाच्या फोटोबरोबर करडईही मिळू द्या, म्हणजे शेतकऱ्याला करडईचा हमीभाव खरोखर हातात पडू द्या. बी नसेल तर घाणा काय फिरवायचा? रिकामा घाणा फिरवायला आपण सगळेच जुंपलेलो आहोत, डोळ्यांना झापड बांधून.

माझ्यापुरतं मी एक केलं. परवा त्याच दुकानात पुन्हा गेलो आणि दुकानदाराला म्हटलं, "डब्यावर एक चिठ्ठी लाव. आत कोणतं तेल आहे आणि डबा कधी उघडला, एवढंच लिही." तो म्हणाला, "सर, इथं कोण वाचतंय?" मी म्हटलं, "तू लाव, मी वाचतो." काल बघितलं तर चिठ्ठी लागली होती. खडूने नाही, पेनाने. 'पामतेल', आणि खाली तारीख.

बस, एवढंच. ती बाई वाचेल का, माहीत नाही. तिचं कडेवरचं पोर दोन-चार वर्षांत वाचेल.

आई आता नाही. पण घरात तेल आलं की मी अजूनही झाकण काढून पहिल्यांदा वास घेतो. रिफाइंड असलं तरी.

तुमच्या घरी कोणतं तेल होतं? घाणा कुठे होता, कोणत्या साली बंद पडला? आठवत असेल तर गावाच्या नावासकट लिहा. आपल्या तालुक्यातल्या घाण्यांची यादी कुठल्याच दप्तरात नसेल. आपणच करू.